अपवादाची किंमत कोण देतो?

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत चार माणसं जमली की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘आपल्या लोकांना धंदा जमत नाही.’ गंमत म्हणजे गुजरातेत पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी माणसंच ते सर्वांत ठासून म्हणतात. अशाच एका घरात या वाक्यावरून मामा-भाचीची जुंपली. मामा तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जन्म, शिक्षण, नोकरी, सगळं बडोद्यात. भाची मानसशास्त्र शिकून पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेली समुपदेशक. वाद धंद्यावरून निघाला आणि माणसांबद्दल सरसकट काही बोलावं की बोलूच नये, इथवर गेला.

मामा : ‘आपले लोक’ म्हणजे कोण, ते आधी सांगा म्हणावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, ते काय परके होते? ‘सगळे’ म्हणून केलेल्या विधानाला एक अपवाद पुरतो. अपवाद दाखवला, विधान पडलं, विषय संपला.

भाची : पण ‘सगळे’ म्हटलंय कुणी? बोलणाऱ्याला किर्लोस्कर ठाऊक असतातच. तरी तो वाक्य मागे घेत नाही, कारण त्याने मोजदाद केलेलीच नसते. आपण म्हणतो, डासांमुळे मलेरिया होतो. होतो तो फक्त अ‍ॅनॉफिलिस डासाच्या मादीमुळे, आणि त्या माद्यांतही जंतू बाळगणाऱ्या थोड्याच. म्हणून काय हे वाक्य खोटं? रोजच्या बोलण्यात ‘सगळे’ही नसतं आणि ‘काही’ही नसतं. कशापासून जपायचं, एवढंच त्यात सांगितलेलं असतं.

मामा : तीच तर मेख आहे. तू ‘सगळे’ म्हणालीस तर मी तुला पकडू शकतो. ‘काही’ म्हणालीस तर किती, ते विचारू शकतो. दोन्हींच्या मधे उभी राहिलीस तर तुला धरायचं कुठे? शंभर अपवाद समोर ठेवले तरी तू म्हणणार, ‘ते सोडा हो, एरवी असंच असतं.’ ज्या विधानाला कितीही अपवाद पचतात त्याला आम्ही विधान म्हणत नाही, हट्ट म्हणतो.

भाची : तुमचं तर्कशास्त्र वयात आल्यावर येतं, मामा. मन त्याच्या कितीतरी आधी कामाला लागलेलं असतं. १९२० साली अमेरिकेत वॉटसन आणि रेनर यांनी अकरा महिन्यांच्या एका बाळावर प्रयोग केला. बाळाने पांढऱ्या उंदराला हात लावायला जावं आणि मागून लोखंडी कांबीवर हातोडा बसावा. असं काही वेळा झाल्यावर उंदीर नुसता दिसला तरी ते रडायला लागलं. पुढे सशाला घाबरलं, कुत्र्याला घाबरलं, केसाळ कोटालाही घाबरलं. त्याला कुणी अनुमान शिकवलं नव्हतं. जे सारखं दिसतं ते सारखंच वागेल, हे धरून चालणं मनाच्या घडणीतच आहे.

मामा : बाळं किती होती म्हणालीस?

भाची : एक.

मामा : वा! सामान्यीकरण कसं होतं हे दाखवायला एका बाळावर प्रयोग, आणि त्यावरून यच्चयावत बाळांविषयी निष्कर्ष. तुमच्या शास्त्राने स्वतःचाच नमुना पेश केला की.

भाची : टोला मान्य. आज असा प्रयोग करायला कुणी परवानगीही देणार नाही. पण तो एकच दाखला नाही. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांपासून माणसांपर्यंत हे पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. मूळ गोष्टीशी साम्य जितकं जास्त, तितका प्रतिसाद जोरदार. साम्य कमी होत गेलं की प्रतिसादही ओसरतो. हे सामर्थ्य नसतं तर प्रत्येक सकाळी प्रत्येक जिना नव्याने चढायला शिकावं लागलं असतं.

मामा : जिन्याबद्दल माझी तक्रार नाही. जिन्याला काही वाटत नाही. माणसांबद्दल बोल. शितावरून भाताची परीक्षा करतात, ती बरोबर ठरते कशामुळे? पातेल्यातला सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून. माणसं अशी एका पातेल्यात शिजलेली नसतात. मग आपण शीत उचलतो कुठून? जे हाताला लागलं तिथून. शेजारी कसा आहे, गेल्या वर्षीचा भाडेकरू कसा निघाला, ऑफिसातला कारकून कसा वागला, यावरून अख्खी जमात ठरवून मोकळे.

भाची : शीत नीट उचललं तर माणसांबद्दलही बोलता येतं ना? तुमच्याच गावाचं उदाहरण घ्या. विक्रम साराभाईंनी १९६० साली बडोद्यात ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप सुरू केला. त्यांनी दुकानांतल्या मालाच्या खपाच्या पाहण्या केल्या, कुटुंबनियोजनाच्या अखिल भारतीय पाहण्या केल्या. देशातल्या घराघरांत थोडेच गेले होते ते? काही घरांवरून देशाबद्दल बोलले आणि लोकांनी ते ग्राह्य धरलं.

मामा : धरणारच. कारण कोणत्या घराची कडी वाजवायची हे पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नसतं. निवड कशी केली, घरं किती घेतली, चूक किती होऊ शकते, हे आधी सांगावं लागतं. आपल्या गप्पांत यातलं काही असतं का? आणि तुमचेच ट्व्हर्स्की आणि कानेमन १९७१ मध्ये काय म्हणाले? आकडेशास्त्र शिकलेले संशोधकसुद्धा चिमूटभर नमुन्यावर पोत्याएवढा विश्वास टाकतात. मग चहाच्या टेबलावरच्यांची काय कथा!

भाची : म्हणून तोंडच उघडायचं नाही?

मामा : उघडायचं, पण आधी खणायचं. हे आपल्याकडे नैयायिकांनी फार पूर्वी सांगून ठेवलंय. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. ती उलटी फिरवून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हणालं की फसलो. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला सरपण ओलं लागतं. त्या ओल्या सरपणाला ते उपाधी म्हणतात, म्हणजे न सांगितलेली अट. आता आपलं धंद्याचं वाक्य घे. बडोद्यात मराठी माणूस आला कसा? अठराव्या शतकात पिलाजी आणि दमाजी गायकवाडांच्या फौजेबरोबर आला. मग दरबार आला, कचेऱ्या आल्या, सयाजीराव महाराजांच्या काळात शाळा, कॉलेज, वाचनालयं वाढली. प्रत्येक पिढीला पगाराची जागा समोर दिसत होती. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तोवर दुकान थाटायची निकड कितीजणांना होती? हे ओलं सरपण विसरायचं आणि धूर मराठी रक्तातूनच निघतो म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

भाची : हे मला पटलं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बाबतीतही मी हेच करते. एका विषयात नापास झालेला मुलगा समोर बसून सांगतो, ‘माझं कधीच काही जमत नाही.’ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्यातल्या विचारांच्या ज्या खोडी दाखवल्या, त्यांतली ही एक. मी त्याला ‘तू हुशार आहेस’ असं सांगत नाही. ‘कधीच’ म्हणजे केव्हा, ‘काही’ म्हणजे काय, झोप किती झाली होती, अभ्यास केव्हा सुरू केला होता, हे विचारते. तुमची उपाधीच शोधते म्हणा ना.

मामा : मग तू माझ्याच बाजूची आहेस.

भाची : नाही. इथे आले तेव्हा मी एका सोसायटीत फ्लॅट पाहिला. भाडं ठरलं, चावी हातात आली. मग आडनाव विचारलं गेलं. ‘तुम्ही मराठी म्हणजे नॉनव्हेज खाणार, एकट्या म्हणजे रात्री-बेरात्री माणसं येणार. तुमच्याबद्दल काही नाही हं, पण आमच्या सोसायटीचा अनुभव आहे.’ मी अंडंसुद्धा खात नाही, मामा! चावी परत दिली.

मामा : मग तर तुला सरसकटीकरणाचा तिटकारा यायला हवा.

भाची : तुमच्या नियमाने मी काय म्हणायचं? ‘एका घरमालकिणीने मला घर नाकारलं.’ बस्स. ही झाली माझी वैयक्तिक अडचण, दुसरं घर बघ. पण माझ्या ओळखीच्या आणखी मुलींना, वेगळ्या आडनावाच्या, वेगळ्या गावच्या, असंच उत्तर मिळालं. तेव्हा ‘एकट्या बाईला घर देत नाहीत’ असं मला म्हणता आलं पाहिजे. ‘काही लोक, काही वेळा’ एवढ्यावर थांबले तर जे माझ्या लक्षात आलंय ते मला सांगताच येणार नाही. आणि बडोद्यात बसून तुम्ही हे मला शिकवता? ज्या गावात बाबासाहेबांना...

मामा : थांब. तो प्रसंग मी वर्गात शिकवत असे, तर्काचा धडा म्हणूनच. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. १९१७ मध्ये करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्याच्या स्टेशनावर उतरले. उतरायचं कुठे? हिंदू खाणावळी त्यांना घेणार नाहीत, हे माहीत होतं. पारशी धर्मशाळा होती. त्यांनी विचार केला, पारशांच्या धर्मात अस्पृश्यता नाही, तेव्हा तिथे भीती नाही. हे झालं अनुमान. दुमजली इमारत. अंगावर सदरा-कस्ती नाही, यावरून हा पारशी नव्हे हे रखवालदाराने ओळखलं. नोंदवहीत पारशी नाव लिहायचं, रोज दीड रुपया द्यायचा, यावर मिटलं. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाकी सगळा मोठा दिवाणखाना. त्यात फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्यांची अडगळ. वीज नाही. एक लहानसा कंदील, त्याचा उजेड चार बोटांपलीकडे जात नव्हता. कोलंबियात शिकून आलेला माणूस त्या उजेडात एकटा वाचत बसायचा.

भाची : आणि अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले.

मामा : संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. दोन ओळखीचे होते. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती. तो म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. मग मुंबईची रात्रीची गाडी येईपर्यंत पाचेक तास कामाठीबागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत काढले. आज ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आता यातला तर्क बघ. ‘पारशी अस्पृश्यता पाळत नाहीत’ हे सर्वव्यापी विधान घेऊन ते गेले होते. ते एका धर्मशाळेने पाडलं. पाडायला एक अनुभव पुरतो. बांधायला पुरत नाही.

भाची : पण त्यांनी बांधलंही, मामा. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये, म्हणजे सुमारे अठरा वर्षांनी त्या आठवणी लिहिताना, जो हिंदूंना अस्पृश्य तो पारशांनाही अस्पृश्य, हे आपल्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं, असं ते सांगतात. हे सरसकट वाक्य आहे की नाही?

मामा : आहे. आणि त्याला अपवाद त्यांच्याच आयुष्यात आहे. नवल भथेना, पारशीच. कोलंबियातला मित्र. १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला शिकायला निघाले तेव्हा पैसे उसने दिले. शब्दशः ‘प्रत्येक पारशी’ असा अर्थ घेतला तर ते वाक्य भथेनांनी पाडलं.

भाची : पडलं का खरंच? भथेना होते म्हणून त्या रात्री छप्पर मिळालं? बाबासाहेबांना भथेना ठाऊक होते, तरी त्यांनी वाक्य लिहिलं, आणि माझ्या मते बरोबर लिहिलं. प्रत्येक पारशी माणसाच्या मनात काय आहे हे ते सांगत नव्हते. धर्म वेगळा असला म्हणजे त्या दारात जात थांबते असं नाही, हे सांगत होते. शिवाय ते एका धर्मशाळेवर थांबले नाहीत. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्याने त्यांना बसवायला नकार दिला. नवख्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला. १९३४ मध्ये दौलताबाद किल्ल्याच्या टाक्यावर हातपाय धुतले म्हणून मुसलमान जमाव अंगावर आला. काठेवाडातल्या एका शिक्षकाच्या बाळंतीण बायकोला डॉक्टरने हात लावायचं नाकारलं, तीही हकिकत त्यांनी घेतली. गावं वेगळी, धर्म वेगळे, व्यवसाय वेगळे. नाकारला जाणारा कधी टांग्याची वाट पाहणारा पाहुणा, कधी किल्ला बघायला आलेला प्रवासी, कधी दोन दिवसांची बाळंतीण. सगळं बदलत गेलं, एकच गोष्ट तशीच राहिली. तुमच्या शास्त्रात याला पुरावा म्हणत नाहीत?

मामा : म्हणतात. एरवी सगळं वेगळं आणि एकच घटक समान, तर कारण तिथे शोधावं, हे तत्त्वज्ञ मिलने सांगितलंय. हा शितावरून केलेला भात नाही, कबूल. पण मला एक उत्तर दे. काठ्या घेऊन आलेल्यांनीही सामान्यीकरणच केलं ना? ‘या जातीचा माणूस वास्तूत आला की वास्तू बाटते.’ बाबासाहेबांनीही केलं. तुझ्या मालकिणीने केलं आणि तूही केलंस. एकाला पूर्वग्रह म्हणायचं आणि दुसऱ्याला ज्ञान, ते कशाच्या जोरावर? आपल्या बाजूचं म्हणून?

भाची : नाही. एक तर, समोरचा माणूस काय आहे हे कळायला त्या लोकांकडे अकरा दिवस होते. राहिला, वाचत बसला, भाडं दिलं. त्यातलं काहीच त्यांना हिशेबात धरायचं नव्हतं. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ च्या आपल्या पुस्तकात हीच रेघ ओढली आहे : गट पाडल्याशिवाय मनाला विचारच करता येत नाही, पण चुकीची समजूत नवी माहिती येऊनही हलत नाही, तेव्हा तिचा पूर्वग्रह झाला.

मामा : त्यांची तक्रार अशी होती की नाव खोटं लिहून राहिला.

भाची : खऱ्या नावाला दार उघडलं असतं का? आणि दुसरी गोष्ट, मला ती जास्त महत्त्वाची वाटते. विधान चुकलं तर भुर्दंड कुणाला? काठीवाल्यांची समजूत चुकीची होती, तिची किंमत त्यांनी दिली नाही. ती दिली बागेत बसलेल्या माणसाने. नोकरी गेली, गाव सुटलं. उलट, बाबासाहेबांचं वाक्य एखाद्या भथेनाला लागू पडत नसेल, तर त्या भथेनाचं काय गेलं? फार तर मनाला थोडं लागलं असेल. प्रत्येक सामान्य विधान अपवादांवर अन्याय करतं. तो अपवाद किती सोसतो, हे बघायचं.

मामा : इथे मात्र मी अडून बसणार. किंमत कोण देतो यावरून विधान खरं की खोटं ते ठरत नाही. सोसणाऱ्याचं विधानही चुकू शकतं. दुखावलेला माणूस सरसकट बोलतो तेव्हा त्याची कीव यावी, पण त्याला सूट देऊ नये. आज तू म्हणतेस ‘घर देत नाहीत’, उद्या म्हणशील ‘गुजराती असेच’. तिथून पुढचं पाऊल घसरणीवर आहे. आपल्या माणसांत आपल्याला नाना स्वभाव दिसतात, पलीकडचे मात्र एका माळेचे मणी, हे तुम्ही लोकच शिकवता ना?

भाची : शिकवतो. आणि ‘गुजराती असेच’ मी म्हणणार नाही. शेवटी घर मिळालं तेही गुजराती बाईंकडेच. मी बोलतेय ते एका रिवाजाबद्दल, एका नियमाबद्दल. लोकांच्या रक्ताबद्दल नाही. आणि खरं-खोटं किमतीवरून ठरत नाही हे मान्य. पण किती पुरावा मागायचा, हे किमतीवरून नक्की ठरतं. मी सावध राहायचं ठरवलं तर दोन-चार अनुभव पुरे आहेत, चुकले तर माझंच नुकसान. पण माझ्या समजुतीपायी दुसऱ्या कुणाला रस्त्यावर उभं राहावं लागणार असेल, तर मला कितीतरी जास्त पुरावा द्यावा लागेल. आणि त्या माणसाबद्दल थेट काही कळत असेल तर समजूत बाजूला ठेवून ते आधी बघावं लागेल. भाडेकरार आहे, अनामत आहे, आधीच्या मालकाला फोन करता येतो. आडनावावरून ताटात काय असेल ते कशाला ओळखायचं? विचारा ना.

मामा : हे मी घेतो. भुर्दंड दुसऱ्यावर पडणार असेल तर सिद्ध करायची जबाबदारी बोलणाऱ्यावर, आणि जबर. हे तर्कशास्त्रात बसत नाही, पण व्यवहारात बसतं. मी तरीही ‘सगळे’ हा शब्द वापरणार नाही.

भाची : नका वापरू. पण तुम्ही शब्द जपत घरी बसता आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव दुसरे लोक करतात. तिथे जाऊन तुम्ही काय बोलाल? ते म्हणतील, ‘सर, आमचा अनुभव आहे.’

मामा : मी म्हणेन, अनुभव किती जणांचा? ते म्हणतील, दोघा-तिघांचा. ठीक. ते दोघं-तिघं तुम्ही निवडलेत कसे? जे भांडले तेवढेच आठवतात, भाडं वेळेवर भरून निघून गेले त्यांची नावंही तुम्हाला सांगता येणार नाहीत. आणि मग शेवटचं विचारीन, ते मात्र उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसणार नाही : ज्यांना तुम्ही घर दिलंच नाही, ते कसे निघाले असते याचा अनुभव तुम्हाला आला कुठून?